स्वभावाला औषध

थोरला : आपल्या रक्तातच आहे ते. आजोबा, आत्या, अण्णा आणि आता मी. तीन पिढ्यांत चार माणसं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, 'घरात आणखी कुणाला असा त्रास?' मी बोटं मोजायला लागलो आणि माझं मलाच नवल वाटलं. सगळं डोळ्यांसमोर घडलेलं, पण आजवर कुणी ते एका ओळीत ठेवून पाहिलं नव्हतं. खरं सांगू का, त्या दिवशी मला हलकं वाटलं. कॉलेजपासून मी स्वतःला आळशी समजत आलो, नेभळट समजत आलो. ज्याला सकाळी उठून दात घासायचंही ओझं होतं, त्याला दुसरं काय म्हणायचं? त्या दिवशी कळलं, एखाद्या घरात मधुमेह असतो तसं आपल्या घरात हे नैराश्य आहे. यात माझा गुन्हा काही नाही.

धाकटी : तुला ज्या वाक्याने हलकं वाटलं ना दादा, त्याच वाक्याने माझी झोप गेली. तू फोनवर म्हणालास 'रक्तातच आहे', आणि मी रात्रभर वयं मोजत बसले. अण्णांनी पहिल्यांदा अंथरूण धरलं तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. मला एकोणचाळीसावं चालू आहे. आता एखाद्या रविवारी स्वयंपाकाचा कंटाळा आला तरी मनात येतं, सुरू झालं की काय? म्हणून तुझं वाक्य मला तपासून घ्यायचंय. आजोबांपासूनच बघू. १९७२ चा दुष्काळ. विहीर आटली, बैलजोडी गेली, आणि स्वतःच्या रानाचा मालक दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. त्याची त्यांनी हाय खाल्ली. यात रक्ताचा काय संबंध? आत्याचं झालं ते दुसऱ्या मुलीच्या वेळी. सासरहून बारशाला माणूस फिरकलं नाही. गोव्यात बाळंतिणींचा एक अभ्यास झाला होता, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के बायका या आजारात सापडल्या. मुलगा हवा असताना मुलगी होणं, नवऱ्याशी न पटणं आणि घरची ओढगस्त असं सगळं त्यामागे निघालं. आत्याच्या वाट्याला यातलं काय आलं नव्हतं, सांग बरं? माणसावर येऊन आदळलेल्या गोष्टी सोडून आपण त्याच्या रक्तात का शोधायला जायचं?

थोरला : दुष्काळ काय एकट्या आजोबांवर आला होता? त्यांचे धाकटे भाऊ त्याच वाड्यात राहत होते. विहीर सामायिक, बैलजोडी सामायिक, आणि दोघं खडी फोडायला जायचे ते एकाच रस्त्यावर. पुढे पाऊस झाला तेव्हा धाकट्यांनी उसनवारीचे बैल आणून पेरणी केली. आजोबा उठले नाहीत. विहीर भरली, पीक उभं राहिलं, तरी तीन वर्षं खाटेवर. दुःखाला कारण असतं आणि कारण सरलं की ते ओसरायला लागतं. कारण सरल्यावरही जे जात नाही त्याला मी आजार म्हणतो.

धाकटी : पण ते दोघं सख्खे भाऊ होते की! रक्त एकच. मग एक उठला आणि एक नाही, ते कसं?

थोरला : सख्ख्या भावंडांत अर्धंच सारखं असतं, अर्धं वेगळं. म्हणून तर हे शोधणाऱ्यांनी जुळी निवडली. एकसारखी जुळी आणि साधी जुळी. घर दोघांनाही एकच. पण एकसारख्या जुळ्यांत एकाला नैराश्य आलं तर दुसऱ्याला येण्याची शक्यता साध्या जुळ्यांपेक्षा जास्त निघते. अशा अनेक अभ्यासांचा २००० साली एकत्र हिशेब झाला आणि आनुवंशिकतेचा वाटा ३७ टक्क्यांच्या आसपास आला. आई, वडील किंवा सख्खं भावंड आजारी असेल तर धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे माझं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दुखणं अण्णांकडून आलंय. ते काय मी हौसेने म्हणतो?

धाकटी : हाच घोळ सगळे घालतात. तुझं दुखणं ३७ टक्के अण्णांचं, असा त्या आकड्याचा अर्थच नाही. आपल्या रानातली ज्वारी आठव. सगळी ताटं सारखी नसायची, एक कमरेएवढं तर एक डोक्याच्या वर. त्या कमी-जास्त उंचीत बियाण्याच्या फरकाचा वाटा किती, एवढंच असा आकडा सांगतो, आणि तेही अख्ख्या रानाबद्दल. एका ताटापुढे उभं राहून याची चार वीत उंची बियाण्याची आणि सहा वीत पाण्याची असं कुणी सांगू शकत नाही. बियाणं नसेल तर ताट नाही, पाणी नसेल तरी ताट नाही. शिवाय रान बदललं की आकडाही बदलतो.

थोरला : हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटी : आणि त्या बियाण्यात नेमकं काय, तेही ऐक. २००३ साली न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरातल्या तरुणांच्या पाहणीवरून एक शोध गाजला. मेंदूतल्या सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा आखूड प्रकार ज्यांच्यात असतो, ती माणसं आघाताने जास्त खचतात, असा तो शोध. पुढची कितीतरी वर्षं ते जनुक आणि तसली आणखी सतरा जनुकं अभ्यासकांनी उराशी धरली. २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती घेऊन त्या अठरा जनुकांची परीक्षा झाली. डोळे मिटून उचललेल्या कुठल्याही जनुकांपेक्षा ती सरस निघाली नाहीत. आता २०२५ च्या मोठ्या अभ्यासात जनुकांतले सुमारे सातशे बारीक फरक नैराश्याशी जोडलेले सापडलेत, आणि एकेकाचा जोर मोहरीएवढा. त्यातले थोडेफार सगळ्यांच्याच अंगात आहेत. 'आपल्या घराण्याचं' म्हणावं असं एकही जनुक त्यात नाही.

थोरला : एकच जनुक नाही म्हणून ते आनुवंशिक नाही, असं होत नाही. उंचीसुद्धा हजारो बारीक फरकांनीच ठरते, तरी उंच आईबापांची मुलं उंच होतातच. तू मला फक्त एवढं दाखवलंस, की ही गाठ एका दोऱ्याची नाही. पण गाठ आहे, हे तुझ्या आकड्यांतही आहे.

धाकटी : आहे. ते मी नाकारत नाही. पण आपल्या घरात एक दुसरीही गाठ होती, तिला तू हात लावत नाहीस. अण्णा खोलीत पडून असायचे तेव्हा आई काय म्हणायची? 'अण्णांचं डोकं दुखतंय, आवाज नको.' दिवाळीच्या सुट्टीत डोकं दुखतंय, मे महिन्यात दुखतंय, तू बोर्डात आलास त्या दिवशीही दुखत होतं. आपण दोघं पायांचा आवाज न करता चालायला शिकलो. आजही दार लावताना मी कडी हातात धरते, आपटू नये म्हणून. तूही धरतोस, मी पाहिलंय. सहा वर्षांच्या मुलीला काय वाटत असेल? माझ्या हसण्याने कुणाचं तरी डोकं दुखतं. ही शिकवण आहे, दादा. ती जनुकातून आली नाही, भिंतीतून आली. स्वीडनमध्ये अशी भावंडं शोधली, की आईवडिलांपैकी एकाला हा आजार किंवा तसंच काही होतं, आणि भावंडांपैकी एक घरीच वाढलं, दुसरं लहानपणी चांगल्या घरी दत्तक गेलं. दोघांना जन्म देणारे तेच. दत्तक गेलेल्याला नैराश्याचा धोका २३ टक्क्यांनी कमी निघाला. आणि त्या नव्या घरातही आई किंवा बाप आजारी पडला, वारला किंवा त्यांचा संसार मोडला, तर तो फायदा मावळला. २०२० चा अभ्यास आहे. याहून स्पष्ट काय असणार?

थोरला : २३ टक्क्यांनी कमी. म्हणजे उरलेला बराच धोका ते मूल अंगाबरोबर घेऊन गेलं, हेही तितकंच स्पष्ट आहे. आणि मला सांग, आपल्या घराच्या भिंती तशा कुणी केल्या? अण्णांच्या आजारानेच ना? मला रक्त देणारे अण्णा आणि खोलीचं दार लावून घेणारे अण्णा, माणूस एकच. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासात ते दोन वेगळे करता येतील. मला येत नाहीत.

(इथे मला, लिहिणाऱ्याला, मध्ये पडल्यावाचून राहवत नाही. मराठी घरांत या दुखण्याला क्वचितच त्याच्या नावाने हाक मारतात. 'ते पहिल्यापासून अबोल', 'तिचा स्वभावच किरकिरा', 'आमच्यात सगळेच घुमे', असं म्हटलं की चौकशी संपते, कारण स्वभावाला औषध नाही हे आपण आधीच ठरवून बसलेलो असतो. आजार म्हणून ज्याची नोंद व्हायला हवी, ते स्वभाव म्हणून घराण्याच्या खात्यावर पडतं. मग तिसऱ्या पिढीत कुणी 'घरात आणखी कुणाला?' असं विचारलं, की खरं उत्तर कुणापाशीच नसतं. मला ही त्या आजाराइतकीच मोठी हानी वाटते.)

धाकटी : मला भीती हीच आहे. 'स्वभावच तसा' याची जागा आता 'रक्तातच आहे' घेणार. शब्द शास्त्रातला आला, पण खाट तीच. वहिनी सांगत होती, मागच्या महिन्यात तू दहा दिवस गोळ्या घेतल्या नाहीस. का? तर 'जन्माचंच आहे, गोळ्यांनी काय होतंय!'

थोरला : म्हणालो होतो. वाईट दिवस होता तो, आणि वाईट दिवशी हे दुखणं हाताला लागेल त्या गोष्टीचा हत्यारासारखा वापर करतं, शास्त्राचाही. पण तू फक्त वाईट दिवस धरू नकोस. रक्तात आहे हे कळल्याने जे हाती आलं तेही बघ. डॉक्टरांनी थायरॉईड आणि बी-१२ तपासून घेतलं, कारण ते कमी असलं तरी माणूस असाच मलूल होतो. मग आणखी खोदून विचारलं, 'घरात कुणी याच्या उलट वागलेलं? रात्र-रात्र न झोपता, भलत्याच उत्साहात?' मला अण्णांचे चुलतभाऊ आठवले. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही, आणि त्यातच दोन म्हशी आणि उधारीवर ट्रॅक्टर. आपण ती गोष्ट लग्नकार्यात हसत सांगायचो. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, हे सांगितलंत ते फार बरं झालं. तो दुसरा आजार असू शकतो, चढ-उतारांचा. आणि त्याच्या रुग्णाला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर उलटंही होऊ शकतं. तेव्हापासून दर भेटीला ते माझी झोप विचारतात. घराण्याची माहिती ही अशी कामाला येते. ज्याच्या बापाला साखर आहे तो चाळिशीआधीच रक्त तपासून घेतो. 'रक्तात आहे' म्हणून तो काही जेवण सोडून बसत नाही.

धाकटी : साखर तपासायला सुई आहे. याला काय आहे? मनाला कुठे टोचून बघायचं? उलट तपासता तपासताच माणूस खचतो. मी करते ना, रोज सकाळी. आज कसं वाटतंय, कालपेक्षा कमी की जास्त? अशाने धडधाकट माणूससुद्धा आजारी पडेल.

थोरला : रोज नको बघूस. मलाही डॉक्टरांनी तेच सांगितलं. एका दिवसाच्या उदासीला काही अर्थ नाही. दोन आठवडे, दिवसातला बराचसा वेळ, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडली, काम अडायला लागलं, मग जायचं. रविवारच्या स्वयंपाकाचा कंटाळा त्यात बसत नाही. तो सगळ्यांना येतो.

धाकटी : ... बरं वाटलं ऐकून. पण मग गेल्यावर पुढे काय? तू गोळ्यांबद्दल बोलतोस, आणि मी तुला रोज संध्याकाळी टेकडीपर्यंत ओढून नेते त्याबद्दल बोलत नाहीस.

थोरला : त्याच्याबद्दल बोलायला मला त्रास होतो, म्हणून. 'बाहेर पडा, फिरून या, मोकळी हवा घ्या' हे अण्णांना गावातला प्रत्येक माणूस सांगायचा. सोसायटीचे चेअरमन सांगायचे, किराणावाला सांगायचा. ते प्रत्येक वाक्य 'तुम्ही मुद्दाम पडून राहता' असं ऐकू यायचं. मला ठाऊक आहे, कारण आता मलाही तसंच ऐकू येतं. ज्याच्यात उठायचं बळ नाही, त्याला धावायला सांगणं ही दया नव्हे.

धाकटी : मान्य. पण मी तुला कधी 'फिरून ये' म्हटलं? मी चपला घालून दारात उभी राहते. पहिल्या दिवशी आपण फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वडापर्यंत. उपदेश आणि सोबत यात फरक आहे, आणि ते मी मनाने ठरवलेलं नाही. गोव्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याचा प्रयोग झाला, 'संगाथ' या संस्थेचा. मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. सहा ते आठ बैठका. त्यातला गाभा एवढाच, की मन लागलं की करीन असं म्हणत थांबायचं नाही. केलं की मन लागतं. काम अगदी लहान निवडायचं, कुंडीला पाणी घालण्याएवढं, पण ठरलेल्या वेळी. तीन महिन्यांनी त्या लोकांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते आणि ज्यांना नेहमीचीच देखभाल मिळाली त्यांच्यातले ३९ टक्के. २०१७ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आणि तुझ्या रक्ताबद्दल बोलायचं तर, अमेरिकेत सुमारे ८,००० माणसांची जनुकं बघून पाहिलं गेलं. ज्यांच्यात धोका जास्त लिहिलेला होता त्यांच्यातही, जी माणसं हालचाल जास्त करत होती त्यांना पुढच्या दोन वर्षांत नैराश्याने कमी गाठलं.

थोरला : किंवा ज्यांना गाठायचं होतं त्यांची हालचाल आधीच मंदावलेली असेल.

धाकटी : असेल. तेही असेल. तरी उद्या सहा वाजता मी दारात आहे.

थोरला : ये. पण गोळ्यांना कमी लेखू नकोस. दोन-चार आठवडे काहीच कळत नाही, मग एका सकाळी लक्षात येतं, आपण चहाची चव घेतली. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने त्या सोडायच्या नाहीत. मी मध्येच सोडल्या, ती चूक माझी, औषधाची नाही. आणि जगणं नको वाटतं अशा रात्रीसाठी तुझ्या वहिनीशी ठरवून ठेवलंय, की तिला उठवायचं. ती गावाला असली तर १४४१६, टेली-मानसचा सरकारी नंबर, कधीही लागतो. आजोबांजवळ यातलं काय होतं? अंगारा.

धाकटी : आजोबांजवळ नव्हतं. अण्णांच्या काळी होतं. डॉक्टर होते, औषधं होती, तालुक्याहून दोन तासांवर. पण माझ्या लग्नाचं चाललं होतं. स्थळाकडून चौकशी झाली तेव्हा आईने सांगितलं, 'त्यांना अर्धशिशी आहे.' अण्णा समोर बसले होते. त्यांनी मान हलवली. माझ्या लग्नासाठी त्यांचा आजार अर्धशिशी झाला आणि तसाच राहिला. रक्त-रक्त म्हणताना मला हे आठवतं. घराणं स्वच्छ दिसावं म्हणून आपण घरातलं माणूस विनाउपचार ठेवलं. 'आनुवंशिक' या शब्दाचा आपल्याकडे पहिला उपयोग हाच होतो, स्थळ मोडायला.

थोरला : तू ते मनावर घेऊ नकोस.

धाकटी : मी मनावर घेतलेलंच आहे. वीस वर्षं झाली. म्हणून विचारते, तुझ्या लेकीला काय सांगितलंयस?

थोरला : माझं डोकं दुखतं, असं.

धाकटी : दादा!

थोरला : पंधरा वर्षांची आहे ती. दहावीचं वर्ष. तिला काय सांगू? तुझ्या पणजोबांना होतं, आजोबांना होतं, बापाला आहे, आता तू जपून राहा? माझ्या एका वाक्याने तू, एकोणचाळीस वर्षांची बाई, रात्रभर वयं मोजत बसलीस. तिचं काय होईल?

धाकटी : माझी झोप गेली, कारण मला एकोणचाळीस वर्षं कुणी काही सांगितलं नव्हतं आणि मग एका रात्री सगळं सांगितलं. आणि धोका म्हणजे तरी किती? २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशात वीसातल्या साधारण एका प्रौढाला आयुष्यात कधीतरी हा आजार झाल्याचं दिसलं. तिच्यासाठी तो तिप्पट धर. तरी शंभर मुलींतल्या पंच्याऐंशींना तो होणार नाही.

थोरला : ती पाहणी विचारायला आली असती तर अण्णांनी काय सांगितलं असतं? अर्धशिशी. असे किती अण्णा त्या वीसांमध्ये निरोगी म्हणून मोजले गेले असतील? तुझ्या पंच्याऐंशीवर माझा भरवसा नाही.

धाकटी : नको ठेवूस. आणखी एक सांगते, त्यावर तरी ठेव. अमेरिकेत आजारी आयांवर उपचार सुरू केले आणि बरोबरीने त्यांच्या सात ते सतरा वर्षांच्या मुलांकडे लक्ष ठेवलं. मुलांना काहीही औषध नाही. ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांमधला त्रास कमी झाला. ज्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांत वाढला. २००६ ची गोष्ट. पुढे २००९ मध्ये अशा घरांतल्या किशोरवयीन मुलांना आधीच विचारांची शिदोरी देऊन पाहिली, आजार यायच्या आत. उपयोग झाला. पण ज्या घरात त्या वेळी आई किंवा बाप आजारात बुडालेले होते, तिथे नाही झाला. म्हणजे तू दहा दिवस ज्या गोळ्या टाकल्यास त्या एकट्या तुझ्या नव्हत्या.

थोरला : हे ओझं झालं. माझा गुन्हा नाही म्हणून जे उतरलं होतं, ते तू पुन्हा डोक्यावर ठेवलंस. अण्णांनी उपचार घेतले नाहीत म्हणून मी असा झालो, हे मी अण्णांना म्हणू शकत नाही. मग माझ्या मुलीबद्दल माझ्यावरच ते का?

धाकटी : दोष देत नाही रे. पण ओझं नाही, असंही मला म्हणता येत नाही. दोष नसतानाही जबाबदारी असते, ती कशी उचलायची ते मला ठाऊक नाही. अण्णांनाही ठाऊक नव्हतं.

थोरला : आणि ती विचारेल. हुशार आहे. सगळं ऐकून घेईल आणि शेवटी एकच विचारेल, 'बाबा, मलापण होणार का?' होईल म्हणू? होणार नाही म्हणू? दोन्ही खोटं आहे. 'कदाचित' म्हणालो तर तो शब्द घेऊन ती आयुष्यभर झोपणार.

धाकटी : 'डोकं दुखतं' हा शब्द घेऊन आपण झोपलो की. दादा, एक विचारू? परवा मी आले होते, तू आत पडला होतास. ती क्लासहून आली. तिने दार कसं लावलं, पाहिलंस कधी?

थोरला : कडी हातात धरून. पाहिलंय. मला वाटलं, पोर समंजस झाली.